धुळीवरचा दुसरा हात

मित्रांनो, माझ्यासारखी पाटी तुम्ही बहुधा पाहिली नसेल. मी जुनी धूळपाटी आहे. सागवानाची एक रुंद फळी आणि तिच्या कडांना बोटभर उंचीच्या पट्ट्या, एवढेच माझे रूप. माझ्यावर खडूने लिहीत नाहीत आणि पेन्सिलीनेही नाही. मऊ धूळ पसरायची, तळहाताने सारखी करायची आणि बोटाने लिहायचे. चुकले की हात फिरवायचा. मग चूकही जाते आणि बरोबर लिहिलेलेही जाते. म्हणून लोकांना वाटते की मला काही आठवत नसेल. पण लाकडाला वजन आठवते. कोणते बोट कसे टेकले, कुठे अडखळले, कुठे घाबरले, हे मला कळत असते.

माझा जन्म अकोटचा. कापसाच्या एका जिनिंग कारखान्याचे जुने दार मोडीत निघाले, त्याचे लाकूड भगवंत सुताराच्या हाती आले आणि त्याने मला घडवले. पहिली काही वर्षे माझ्या अंगाला सरकीच्या तेलाचा वास येत असे. गावातल्या एका मास्तरांनी मला आपल्या मुलासाठी घेतले. बाजारात तेव्हा दगडी पाट्या मिळत होत्या, पण मास्तर जुन्या वळणाचे. मुलाने पहिला आकडा धुळीतच गिरवावा, असा त्यांचा हट्ट होता. मुलाचे नाव कमलाकांत.

मास्तर मुलाच्या पाठीमागे बसत. त्याची मूठ आपल्या मुठीत घेत आणि त्याचे बोट माझ्यावर फिरवत. रेघ एकाच बोटाची उमटे, वजन मात्र दोन हातांचे असे. लहान हात खाली, मोठा हात वर. शिकवण्याचे हे वजन दुसऱ्या कशासारखेही नसते, मित्रांनो.

कमलाकांत लवकर शिकला आणि माझी गरज संपली. मग मी माळ्यावर गेले. उन्हाळ्यात मला खाली काढत आणि माझ्यावर मूगवड्या वाळत घालत. मी तक्रार केली नाही. पुढे कमलाकांत अमरावतीला कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले, राजापेठेत घर केले आणि मला सोबत घेऊन आले. दर वर्षी एक दिवस ते मला काखेत मारून वर्गात नेत. टेबलावर ठेवत, धूळ पसरत आणि पिसा नावाच्या शहरातल्या लिओनार्डोची गोष्ट सांगत. पुढे लोक ज्याला फिबोनाची म्हणू लागले, तोच हा.

ती गोष्ट मला तोंडपाठ आहे. आठशे वर्षांपूर्वी युरोपातले व्यापारी रोमन अक्षरांत आकडे लिहीत आणि हिशेब करायला पटावर खडे सरकवत. लिओनार्डोचे वडील समुद्रापलीकडे, उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदरात, जिथून मेण आणि कातडी जहाजांनी जात, पिसाच्या व्यापाऱ्यांचे काम पाहत. त्यांनी मुलाला तिथे बोलावून घेतले आणि हिशेब शिकायला बसवले. तिथे त्याला भारतातून अरबांकडे आलेली नऊ चिन्हे भेटली, आणि काहीच नसल्याचे एक चिन्ह भेटले. आपल्या शून्याचे अरबांनी सिफ्र केले आणि त्याने त्या सिफ्रचे झेफिरम केले. मग तो इजिप्त, सीरिया, ग्रीस, सिसिली असा हिंडला, घरी परतला आणि त्याने एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथातून युरोप नव्याने मोजायला शिकला. तरी लोक या आकड्यांना भीत होते. फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने पुढे हे आकडे वहीत लिहायला बंदी केली, कारण एका फटकाऱ्यात आकडा बदलता येई. कमलाकांत सर माझ्यावर शून्य काढत, त्याला शेपूट जोडत आणि विचारत, "आता हे काय झालं?" मुले हसत.

मग सर हात फिरवून धूळ सारखी करत आणि हळू आवाजात म्हणत, "बुजियात त्याला शिकवलं कोणी? फार सुंदर शिकवलं, एवढंच तो लिहितो. नाव लिहीत नाही. सगळ्या युरोपला ज्याने मोजायला शिकवलं, त्या शिक्षकाचं नाव कुणालाच ठाऊक नाही. त्याचं बोट अशाच धुळीवर फिरलं असेल." मुले पुढे झुकून माझ्याकडे पाहत. मला ते फार आवडे. आता वाटते, सरांनी त्या माणसाची इतकी आठवण काढायला नको होती.

सर निवृत्त झाले. मी कपाटामागे उभी राहिले. सरांच्या पत्नी प्रमोदिनीबाई वकील होत्या, अजूनही कोर्टात जात होत्या. पुरावा असल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा स्वभाव.

दोन वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका सकाळी सर भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे होते.

"प्रमोदिनी," त्यांनी हाक मारली, "यावर मुंग्या कशा चढल्या गं इतक्या?"

मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली होती. हातपाय शाबूत होते, बोलणे शाबूत होते. फक्त आकडे गेले होते. घड्याळ, फोन, पेपरातली तारीख, सगळीकडे त्यांना मुंग्या दिसत. ताटात दोन पोळ्या आहेत की तीन, हेही सांगता येत नसे. सर कुणाशी भांडले नाहीत, रडले नाहीत. नुसते खिडकीशी बसून राहत. प्रमोदिनीबाईंना तेच सहन होत नव्हते.

दिवसभर सोबतीला त्यांनी माणिकबाईंना ठेवले. माणिकबाई बार्शीटाकळीच्या, माहेर अकोट तालुक्यात, पूर्णा नदीच्या काठी. डॉक्टर म्हणाले, वाळूत किंवा रव्यात बोटाने आकडे गिरवून घेऊन पाहा, कधीकधी हाताला आठवते. तेव्हा प्रमोदिनीबाईंना माझी आठवण झाली. त्यांनी मला कपाटामागून काढले, ओल्या फडक्याने पुसले. माणिकबाई माहेरी गेल्या होत्या, त्या येताना शेतातली चाळलेली माती घेऊन आल्या. रव्यापेक्षा मऊ.

किती वर्षांनी माझ्यावर धूळ पसरली! मला वाटले, आपले दिवस पुन्हा आले.

पहिले काही दिवस काहीच झाले नाही. सरांचे बोट माझ्यावर टेके आणि तसेच राही. मग एप्रिलमधली एक दुपार आली. बाहेर ऊन रणरणत होते. कूलरचा आवाज सोडला तर घरात आवाज नव्हता. प्रमोदिनीबाई टेबलाशी बसून कागद वाचत होत्या. सरांचे तोंड खिडकीकडे होते आणि उजवा हात माझ्यावर होता.

ते बोट हलू लागले.

माझ्या उजव्या कडेपासून ते डावीकडे निघाले. सर कधीच असे लिहीत नसत. ते शून्य वरून सुरू करत, हे खालून सुरू झाले. आकारही ओळखीचे नव्हते. पण मी दचकले ते आकारांमुळे नाही. मित्रांनो, माझ्यावर एकच बोट फिरत होते आणि वजन दोन हातांचे होते. एक हात खाली, एक हात वर. सरांच्या पाठीमागे कोणीही नव्हते.

"बाई," माणिकबाई दारातून म्हणाल्या, "इकडे या बरं. साहेब काय लिवून राहिले पाहा."

प्रमोदिनीबाई आल्या. धुळीत ओळीमागे ओळ उमटली होती. सर अजूनही खिडकीबाहेरच पाहत होते.

"अहो, काय लिहिताय?"

"मी लिहीत नाही," सर शांतपणे म्हणाले. "मी फक्त बोट देतो."

प्रमोदिनीबाईंनी मोबाइलवर फोटो काढला. मग धुळीची चिमूट उचलून वास घेतला आणि जिभेला लावली. ती खारट होती. त्यांचा चेहरा उतरलेला पाहून माणिकबाई म्हणाल्या, "आमच्या पूर्णाकाठची माती अशीच राह्यते बाई. तिकडं पानी खारं अन् मातीबी खारी. म्हातारे लोक म्हनतात, कधीकाळी तिथं समुद्र होता म्हनून." त्यावर प्रमोदिनीबाईंनी मान हलवली. खारपाणपट्टा त्यांना ठाऊक होता. कारण मिळाले की त्यांना बरे वाटत असे.

सरांची एक विद्यार्थिनी, आरती, अकोल्याला कॉलेजात गणित शिकवत असे. तिला फोटो पाठवले तशी ती पुढच्या रविवारी स्वतःच आली. माझ्यासमोर मांडी घालून बसली. तेव्हाही सर लिहीत होते. बराच वेळ तिने त्या ओळी आपल्या वहीत उतरवल्या, पडताळून पाहिल्या.

"काकू, हे आकडेच आहेत," ती म्हणाली. "उत्तर आफ्रिकेत पूर्वी असे लिहीत. त्यांना धुळीचे आकडेच म्हणायचे, कारण धुळीच्या पाटीवर लिहायचे. सरांच्या पुस्तकांत ही चित्रं आहेत. डोक्यातून गेलं ते हाताला आठवत असेल."

"म्हणजे गिरवताहेत नुसते?"

आरतीने वही पुन्हा चाळली. मग म्हणाली, "नाही. गुणाकार करताहेत. मोठमोठे. मी तपासले, सगळे बरोबर आहेत."

"त्यांना पोळ्या मोजता येत नाहीत, आरती."

"हो, काकू," आरती म्हणाली. तिने वही मिटून पिशवीत ठेवली.

सुरुवातीला प्रमोदिनीबाईंना आनंदच झाला होता. आपला माणूस कुठल्यातरी वाटेने का होईना, गणिताकडे परत निघाला, असे त्यांना वाटले. पण लिहून झाले की सर लगेच भानावर येत नसत. आधी थोडा वेळ, मग सगळी संध्याकाळ ते कुठेतरी दूर असत. मेणाचा वास येतोय म्हणत. ओल्या कातड्यांचे गठ्ठे वाटेतून हलवा म्हणत. एकदा त्यांनी माणिकबाईंना विचारले, "जहाज लागलं का?"

"अकोल्याची गाडी लागली असन साहेब," माणिकबाईंनी हसण्यावारी नेले. पण त्या दिवसापासून त्या सरांच्या पाठीमागे उभ्या राहीनाशा झाल्या.

पुढे सर माणिकबाईंचे नाव विसरले. आणि मग एका दुपारी प्रमोदिनीबाईंनी चहाचा कप पुढे केला, तेव्हा सरांनी दोन्ही हातांनी तो घेतला आणि अदबीने म्हणाले, "आपली ओळख झाली नाही. वडिलांनी मला इथे शिकायला ठेवलं आहे. गुरुजी उठू देत नाहीत."

प्रमोदिनीबाई स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडून उभ्या राहिल्या. मला तो पाण्याचा आवाज ऐकू येत होता. मग त्या आल्या, मला उचलले, धूळ खिडकीबाहेर झटकली आणि मला पलंगाखाली लोटले.

माणिकबाई म्हणाल्या, "कावून लपवता पाटी? त्याईचा जीव हाये तिच्यात."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

सर त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही ताट तसेच परत गेले. बोट मांडीवर फिरत होते, चादरीवर फिरत होते. दुपारी माणिकबाईंचा जरा डोळा लागला आणि बाई कोर्टातून घरी आल्या तेव्हा दार उघडे होते. खोलीत सर नव्हते.

पुढचे मी पाहिले नाही. घरी आल्यावर माणिकबाई रडत रडत शेजारणीला सांगत होत्या, ते ऐकले. दोघी धावत रस्त्यावर गेल्या. राजापेठेत नेहमीची गर्दी. दुकाने, हॉर्न, क्लास सुटलेली पोरे. कोणाला विचारायचे? तेवढ्यात माणिकबाईंना एका उभ्या स्कूटरच्या सीटवर काहीतरी दिसले. उन्हाळ्याची धूळ बसली होती आणि त्या धुळीत तेच आकडे होते. पुढच्या मोटरसायकलच्या टाकीवरही होते. बंद दुकानाच्या शटरवर, एका कारच्या बोनेटवर, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर. जिथे म्हणून धूळ होती तिथे ओळ पुढे सरकली होती. गर्दीतल्या कोणाचेही तिकडे लक्ष नव्हते. त्या आकड्यांच्या मागे मागे दोघी चालत राहिल्या.

सर एका ट्यूशन क्लासच्या जिन्यापाशी सापडले. उभ्या टेम्पोच्या मागच्या काचेवर ते लिहीत होते. पायात चप्पल नव्हती. डांबराने तळपाय भाजले होते, पण त्यांना त्याची शुद्ध नव्हती. क्लासमधून मुलांचा गलका बाहेर पडत होता आणि सर त्यांच्यातल्याच एखाद्या मुलासारखे घाईला आले होते.

"थोडं राहिलंय," ते प्रमोदिनीबाईंना म्हणाले. "झाल्याशिवाय घरी सोडणार नाहीत."

रिक्षात घालून त्यांना घरी आणले. पायांना औषध लावले. रात्री ते झोपले, बाई बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या कोर्टात गेल्या नाहीत. दुपारी त्यांनी मला पलंगाखालून काढले, पूर्णाकाठची माती माझ्यावर पसरली आणि तळहाताने सारखी केली. 

सरांचे बोट लगेच आले. वरचा हातही आला. आता तो इतका जड झाला होता की माझी फळी खाली दबत होती.

प्रमोदिनीबाई सरांच्या पाठीमागे जाऊन बसल्या, जिथे एके काळी मास्तर बसत. त्यांनी हात पुढे केला आणि सरांच्या हातावर ठेवला. तो ठेवल्याठेवल्या दचकून मागे आला.

"काय झालं बाई?" माणिकबाईंनी दारातून विचारले.

"गार आहे," बाई म्हणाल्या. बाहेर मे महिना होता.

मग त्यांनी पदर खोचला आणि पुन्हा हात ठेवला. या वेळी काढला नाही. माझ्यावर आता तीन हातांचे वजन होते, मित्रांनो. मी एक लाकडाची फळी. मला फक्त सोसता येते.

बाई बोलू लागल्या. कोर्टात बोलतात त्या आवाजात नाही. घरी आलेल्या वडीलधाऱ्या पाहुण्याशी बोलावे तसे.

"गुरुजी, तुम्ही कोण, मला ठाऊक नाही. तुमचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही, हे वाईटच झालं. यांनी जन्मभर तुमची आठवण काढली. दर वर्षी, भर वर्गात काढली. तुमच्यासाठी एवढं करणारा दुसरा कोणी मला माहीत नाही. आमच्याकडचे आकडे तुम्ही नेलेत, साऱ्या जगाला दिलेत. चांगलंच केलंत. ते तुमच्याकडेच राहू द्या. यांच्याजवळ होते तेही राहू द्या, मी मागत नाही. हा माणूस तेवढा नेऊ नका."

हात थांबला नाही. तो डावीकडेच चालला होता. तेव्हा बाईंनी जोर लावला. डावीकडून उजवीकडे, आपल्या वळणाने, त्या सरांच्या बोटाने एकचा आकडा काढू लागल्या. रेघ वाकडी झाली, तुटली. त्यांनी पुन्हा काढला. माझ्या कोपऱ्यातली भगवंताने घट्ट बसवलेली पट्टी कडकन फुटली. बाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती, थंडीत निघते तशी. माणिकबाईंनी ती पाहिली. त्या देवाचे नाव घेत दाराशी खाली बसल्या.

आणि एकदम वजन उतरले. माझी फळी वर आली. माझ्यावर आता दोनच हात होते, म्हातारे आणि गरम.

"प्रमोदिनी," सर कण्हत म्हणाले, "हात दुखतोय माझा. किती दाबतेस!"

बाईंनी त्यांच्या पाठीवर डोके टेकले. किती वेळ त्या तशाच बसल्या, मी सांगू शकत नाही.

सर आता बरे आहेत. आकडे परत आले नाहीत. माणिकबाई सांगतात, "साहेबाईले दोन पोळ्या अन् चार पोळ्या सारख्याच." पण त्या पोळ्या ते आवडीने खातात, माणिकबाईंना नावाने हाक मारतात, संध्याकाळी बाईंचा हात धरून कोपऱ्यापर्यंत फिरून येतात. बाईंनी त्या दिवसापासून घरात कुठेही धूळ राहू दिली नाही. मला त्यांनी जाळले असते तरी मी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी मला आरतीच्या स्वाधीन केले. अकोल्याला तिच्या कॉलेजात, गणिताच्या खोलीत, मी काचेच्या कपाटात असते. मुले येतात, माझी फुटलेली कड पाहतात, माझ्याबरोबर फोटो काढतात.

जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला विसरू नका, आम्हाला वापरात ठेवा. माझे मागणे निराळे आहे. जन्मले मी धुळीसाठीच. तरी सांगते, माझ्यावर धूळ साचू देऊ नका. आरतीताई रजेवर असल्या तर तुमच्यापैकी कोणीतरी कपाट उघडा, ओले फडके घ्या आणि मला नीट, कडेपर्यंत पुसा. प्रमोदिनीबाईंची विनंती त्या गुरुजींनी मान्य केली होती, की नुसता तेवढ्यापुरता हात उचलला होता, हे मला अजून कळलेले नाही.